हिमनदीची भरती

सदा मासळी बाजारात गेला की आधी बर्फ बघायचा, मग बांगडे. लादीखालून पाणी कुठून झिरपतंय, फळीवर ती कुठल्या बाजूला सरकतेय, हे तो वाकून न्याहाळत बसायचा. मासेवाली सुलाबाय करवादायची, "मास्तरांनू, मासे घेतलास काय नुसतो बर्फच बगतलास?" त्यावर सदा शांतपणे म्हणायचा, "मासो उद्या पण गावतलो गो बाय. ह्यो बर्फ उद्या नसतलो." आजूबाजूच्या बायका हसायच्या आणि सुलाबाय त्याच्या वाट्यात दोन बांगडे जास्त टाकायची. मी शेजारीच पिशवी धरून उभा असायचो. माझ्या वाट्यात कधी कुणी जास्त टाकलं नाही.

मला त्याचा हेवा वाटायचा, हे उघडच सांगतो. आम्ही दोघेही मालवणचे. कोल्हापूरला कॉलेजात भूगर्भशास्त्राला एकत्र होतो, आणि गुण माझे जास्त होते. आमचे एक प्राध्यापक हिमाचलातल्या एका हिमनदीच्या मोजणीला निघाले होते. त्यांना हाताखाली एक विद्यार्थी हवा होता. त्यांनी आधी मला विचारलं. मी धावत गावी आलो. घरच्यांनी देवळात कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवाच्या अंगाला फुलं चिकटवली. उजवं पडलं तर जायचं, डावं पडलं तर नाही. डावं पडलं. सदाच्या आईने कौल लावलाच नाही. म्हणाली, "देवाक कित्याक त्रास? जा तू. पण कानाक फडको बांद."

तो गेला. एकदा नव्हे, लागोपाठ कितीतरी उन्हाळे गेला. मी इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवू लागलो. ऐंशी सालाच्या सुमारास तो परत आला तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं थंडीने गेलेली होती आणि चाल जरा लंगडी झाली होती. आमच्याच शाळेत विज्ञानाला लागला. पोरं त्या लंगड्या पायाकडेसुद्धा भक्तीने बघत. माझे दोन्ही पाय धड होते, त्यांचं कौतुक कोण करणार?

हिमनदीचा धडा मात्र माझा होता. न पाहिलेली वस्तू शिकवायची म्हणजे पुस्तक मोठ्याने वाचायचं, दुसरं काय? आमची पोरं खाडीकाठची. 'नदी' म्हटलं की त्यांना होडी आलीच. परीक्षेत हिमनदीची आकृती काढा म्हटलं, तर निम्म्या उत्तरपत्रिकांत बर्फावर होडी, आणि होडीत वल्हं मारणारा माणूस! एकदा मंदा नावाच्या मुलीने विचारलं, "सर, हिमनदीक भरती येता?" मी हसलो. म्हटलं, "अगं, भरती समुद्राला येते. हिमनदी म्हणजे घट्ट बर्फ." वर्गही हसला. पुढचा तास सदाचा. पोरगी चिवट, तिने त्यालाही तेच विचारलं. त्याची आरोळी शिक्षकांच्या खोलीपर्यंत आली, "येता! येता तर!"

मधल्या सुट्टीत त्याने मला गाठलं. "अरे मेल्या, तुझ्या वर्गात ह्यो प्रश्न इलो आणि तू हसलंस? बर्फ वजनान चलता, पण धावता पाण्यार." मग त्याने समजावलं. दिवसभराच्या उन्हात वरचा बर्फ वितळतो, पाणी भेगांतून तळाला उतरतं, आणि बर्फ आणि खडक यांच्यामध्ये शिरून त्या अजस्र धुडाला किंचित उचलून धरतं. म्हणून दुपार कलताना हिमनदी जास्त सरकते, पहाटे मंदावते. मोजणीसाठी बर्फात रोवलेल्या काठ्या रोज हेच सांगत. मी म्हटलं, "पुस्तकात असं नाही." तो म्हणाला, "पुस्तक थय दुपारी गेलेला नाय."

दुसऱ्या दिवशी तो अख्खा वर्ग घेऊन बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेला. मीही गेलो, घरी बसून जळण्यापेक्षा समोर उभं राहून जळलेलं बरं. त्याने भुशाने माखलेली फळी तिरकी लावली, तिच्यावर लादी ठेवली. लादी हलेना. मग वरच्या बाजूने तांब्याभर पाणी सोडलं. पाणी खाली शिरलं आणि लादी सुळकन निघाली ती थेट मालकाच्या बाकाखाली. पोरांनी कारखाना डोक्यावर घेतला. "आणि पाणी ओततच रवला तर?" मंदाने विचारलं. "तर पाणी खालसून आपली वाट कोरता. पाण्याक वाट गावली की ता गप जाता, आणि बर्फ पण हळू जाता," सदा म्हणाला. "आणि सर, गर्मी वाढतच गेली तर?" सदाने बाकाखालच्या लादीकडे बघितलं. "मगे कितीय धावलो तरी बर्फ खंय जातलो? खाली उनातच येतलो मा!" शेवटी त्याने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्यो प्रश्न ह्या सरांच्या वर्गातलो हां!" पोरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला सगळ्यात जास्त झोंबल्या.

काही वर्षांनी प्राध्यापकांचा निरोप आला. पुन्हा मोजणी निघाली होती, सदाला बोलावलं होतं. पण तोवर त्याची छाती कमकुवत झाली होती. दोन पायऱ्या चढला की बसायचा. तो माझ्या पडवीत येऊन टेकला. "माझ्या जाग्यार तू जा. आणि ह्या वेळेक देवाक इचारू नको." मी कुणालाच विचारलं नाही.

गेलो. चौथ्या दिवशी दुपारी बर्फावर पालथा पडलो आणि कान लावला. खाली खोलवर पाणी धावत होतं. पन्नाशीकडे झुकलेला मी, लहान मुलासारखा रडलो.

परत आलो तो तडक सदाकडे. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. "म्हातारी कशी आसा?" त्या हिमनदीला तो म्हातारी म्हणायचा. "पाणी ऐकलंस?" "ऐकलंय," मी म्हटलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटल्यासारखं दिसलं. मग त्याने विचारलं, "आमचे तंबू होते थयसून बर्फाक हात लागायचो. अजून लागता?" खोटं बोलावंसं वाटलं. पण त्याला ते एका क्षणात कळलं असतं. "नाय रे. थय आता धोंडे आसत. बर्फ खूप वर गेलो."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी हात लायलेलो बर्फ आता कोणाकच दिसाचो नाय. तुका पण नाय." त्या वाक्यात दुःख होतं, आणि शपथेवर सांगतो, थोडा तोराही होता. मला रडू यायला हवं होतं. मला आला तो हेवा, कोल्हापुरात आला होता तसाच, करकरीत. मी आमची मालवणी शिवी हासडली, "शिरा पडो तुझ्या तोंडार." तो खोकेपर्यंत हसला.

त्याच वर्षी श्रावणात तो गेला. मी पुढे आणखी दोनदा त्या बर्फावर जाऊन आलो. दर वेळी धोंड्यांतून जास्त चालावं लागलं, आणि दर वेळी वाटलं, इथला बर्फ सदाने बघितला होता, मी नाही. माझा हेवा अजून होता तसाच आहे. ज्याचा करायचा, तो माणूस तेवढा नाही.