दादींचं मातीचं गणगोत

आमच्या शाळेत एक दादी होत्या, आणि त्या कुणाच्याही आजी नव्हत्या. त्यांनी अजून चाळिशीही गाठली नव्हती. सिंधीत थोरल्या बहिणीला दादी म्हणतात हे आम्हां मराठी शिक्षकांना फार उशिरा कळलं. तोवर आमचे पन्नाशी उलटलेले हेडमास्तरसुद्धा अदबीनं "दादी, जरा इकडे येता का?" म्हणायचे आणि त्या तोंडाला ओढणी लावून हसायच्या. ते हसू ओढणीत मावायचं नाही. पलीकडच्या बराकीतल्या बायका स्वयंपाक करता करता म्हणायच्या, चला, दादींचा तास सुटला.

पिंपरीच्या कॅम्पातली ती शाळा. फाळणीनं उठवलेली माणसं तिथल्या बराकींतून राहत होती. लढाई कुणी पुकारली नव्हती, पण माणसं मात्र लढाईतून वाचून आल्यासारखी होती. दारावर कुणी जोरात थाप मारली तरी दचकायची. मी चिंचवडहून चालत यायची आणि मुलांना मराठी शिकवायची. दादी हस्तव्यवसाय शिकवायच्या. म्हणजे सरकारी कागदावर सूतकताई आणि प्रत्यक्षात माती.

त्यांचा हात कधी रिकामा नसे. चहा पिताना, गप्पा मारताना, शिक्षकांच्या सभेतसुद्धा मुठीत मातीचा गोळा असायचाच. सभा संपेपर्यंत हेडमास्तरांचं नाक तयार व्हायचं. मी एकदा म्हटलं, "अहो दादी, घटकाभर तरी स्वस्थ बसा." तर म्हणाल्या, "बाई, माझा हात खाली राहिला की डोक्यात हैदराबाद येतो." आमच्या दक्षिणेतलं नव्हे, सिंधमधलं हैदराबाद. तिथं त्यांचं घर होतं.

मराठी त्या जिद्दीनं बोलायच्या आणि लिंगांची पार दाणादाण उडवायच्या. "माझा माती", "माझी नवरा". मी सुधारायला गेले की हात जोडायच्या. "माणूस समजला ना? मग व्याकरण मागच्या गाडीनं येईल."

एका हिवाळ्यात त्यांनी मनावर घेतलं की मूर्तींचं प्रदर्शन भरवायचं, तेही उघड्यावर. कॅम्प आणि पिंपरी गाव यांच्यामध्ये एक माळ होता. आदल्या उन्हाळ्यात पाण्यावरून भांडणं झाली होती, तेव्हापासून ना इकडचं माणूस तिकडे जाई, ना तिकडचं इकडे. दादींना नेमका तोच माळ हवा होता. गणपतीवाले करतात तसे बांबू-पेंढ्याचे सांगाडे करून त्यांनी मुली आणि बराकींतल्या बायका कामाला लावल्या. ज्याच्या मनात जे राहिलंय ते करा, एवढंच सांगितलं. कुणी झोपाळा केला, कुणी सिंधू नदीतली होडी, कुणी गच्चीवरचा वारा धरणारा धुराड्यासारखा मनोरा.

माती मात्र त्यांनी न विचारता आणली होती. पवनेकाठच्या शेताचे मालक तात्या एके सकाळी काठी घेऊनच शाळेत आले.

"कुनाला इचारून माजी माती नेली?"

"चुकलं," दादी म्हणाल्या. "या, घेऊन जा. मूठभर पण कमी नाही."

आणि त्यांना बराकीमागे घेऊन गेल्या. मी धास्तावून मागोमाग गेले. तिथं एक म्हातारी गाठोड्यावर बसली होती, कपाळावर आडवा हात धरून दूर बघत. जिवंत माणसाएवढी, मातीची. तात्या तिच्याकडे बघतच राहिले.

"ही कोन?"

"माझी सासू. हिला सामानावर बसवून मी पाणी आणायला गेली. पाणी घेऊन आली तर ही अशीच बसलेली. जीव गेला होता."

तात्यांची काठी खाली आली. मग ते दादींवर डाफरलेच, पण वेगळ्याच सुरात. "म्हातारं मानूस, आन् असं उनात बसीवलं व्हय?"

दुसऱ्या दिवशी तात्या घोंगडं घेऊन आले आणि चार काठ्या रोवून त्यांनी म्हातारीवर सावली केली. मागून त्यांची बैलगाडी आली, चाळलेल्या मातीनं भरलेली.

खरा विरोध झाला तो घरातूनच. कॅम्पातल्या पंचांचे प्रमुख, त्यांना मुखी म्हणत, फार करारी गृहस्थ. हैदराबादेत दादींच्याच गल्लीत राहणारे. त्यांनी बजावलं, आपलं दुःख माळावर मांडायचं नाही, गाववाले तमाशा बघायला येतील. कॅम्पातल्या कुणीही तिकडे फिरकायचं नाही. दादींनी उलट विचारलं, "गाववाल्यांना आपलं रेशनकार्ड माहीत आहे, मुखीसाहेब. आपलं घर कधी माहीत होणार?" पण मुखींचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. काम करणाऱ्या बायका एकेक करून यायच्या थांबल्या. त्या दुपारी दादी माझ्याशेजारी बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर रिकामे पडले होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, "मग रद्द करायचं का?" त्या उठल्या, ओढणी खोचली. "मूर्तींना कुठे मुखीसाहेबांनी मना केलंय? त्या जातील."

तात्यांनी गाडीतून मूर्ती माळावर नेल्या. प्रदर्शनाच्या सकाळी कॅम्पाच्या बाजूला सगळे बराकींच्या पायऱ्यांवर उभे, पण एक माणूस पुढे येईना. गावाकडून मात्र रीघ लागली. मोशी-चाकणकडची बाजाराला निघालेली माणसंही वाट वाकडी करून आली. बायकांच्या हातांत पूजेची ताटं होती. कॅम्पात देव आलेत अशी आवई उठली होती! तात्यांच्या कारभारणीनं, आक्कांनी, सासूबाईंच्या कपाळाला कुंकू लावायला हात पुढे केला तशी दादी धावत सुटल्या.

"देवी नाही! देवी नाही! ही माझा सासू!"

आक्कांनी विचारलं, "अहेव गेली का?"

दादींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, नवरा जिवंत असताना गेल्या का, असं विचारतायत. दादींनी होकारार्थी मान हलवली.

"मंग लावू दे की कुकू. सासू काय देवीपरीस कमी असती व्हय?" आणि आक्कांनी ठसठशीत कुंकू लावलं. बायका खो खो हसल्या. दादी हसता हसता रडायला लागल्या.

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी दादींनीच केलेल्या नक्षीच्या भल्यामोठ्या दाराजवळ थांबून म्हणालं, "हे देवळाचं दार दिसतंय, मोराचं." त्याबरोबर पायऱ्यांवरून मुखी तरातरा निघाले. लोक बाजूला झाले. आता हे मोडतोड करणार, असं मला वाटलं.

"देऊळ नाही!" मुखी गरजले. "माझं घर आहे! आणि मोर दोन नाही, चार होते!"

दादींनी शांतपणे मातीचा गोळा त्यांच्यापुढे धरला. "मग राहिलेले दोन तुम्ही करा."

त्या करारी माणसानं गोळा घेतला, बाह्या सारल्या आणि जमिनीवर बसकण मारली. मोर कोंबडीसारखा झाला, पण ते बघून पायऱ्या रिकाम्या झाल्या. अख्खा कॅम्प माळावर उतरला. ज्याचा झोपाळा तो झोपाळ्याविषयी सांगू लागला, ज्याची होडी तो होडीविषयी. सिंध्यांच्या घरात पाहुण्याला पापड आणि पाणी देतात. बायका पापडांच्या चळती घेऊन आल्या. आक्कांनी घरून गुळाची ढेप मागवली. पाणी दोन्हीकडचं होतं, आणि त्या दिवशी कुणी ते कुठलं म्हणून विचारलं नाही.

एका दिवसाचं प्रदर्शन आठवडाभर चाललं. पुण्याहून एक नामवंत शिल्पकार आले, सबंध दुपार त्या म्हातारीसमोर बसून राहिले आणि जाताना दादींना नमस्कार करून गेले. पुढच्याच वर्षी दूरच्या एका शहरातल्या कलाशाळेनं त्यांना शिकवायला बोलावलं.

त्या गेल्या त्या दिवशी पिंपरीच्या स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती. मुखी होते, तात्या होते, दोन्हीकडच्या बायका होत्या. आक्कांनी फलाटावरच दादींची ओटी भरली. गाडीतल्या एका प्रवाशानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "कोण बडी पुढारी चाललीय का हो?"

"पुढारी न्हाई, बाबा," आक्का म्हणाल्या. "आमची लेक हाय. नोकरीला निघालीय."