माळकरी सर आणि सुके बोंबील

सुक्या बोंबलाचा वास आला की मला समुद्रापासून शेकडो मैल लांबच्या वाटूरचा नव्वदच्या दशकातला आठवडी बाजार आठवतो. कॉलेजात पर्यावरण शिकवणारे आमचे सर, गळ्यात तुळशीची माळ, मासळीच्या ढिगासमोर उकिडवे बसून फूटपट्टीनं एकेक बोंबील मोजत होते. मासेमारीच्या जाळ्यांची भोकं केवढी असावीत यावर मुंबईला सरकारी बैठक होती, अन् तिथं सरांना बोलायचं होतं. बघता बघता भोवती माणसं जमली. "सर, माळ उतरवली का काय? बोंबील घेऊन राह्यले!" एक म्हातारा ओरडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र हसले. "खायला न्हाई आलो, बाबा. दरसाल मासा लहानच येऊन राह्यला. पिल्लंच धरली तर मंग समुद्रात राहील काय? तुम्ही बियाण्याची ज्वारी दळता का?" मग म्हातारा धोतर सावरून सरांच्या शेजारी बसला अन् एकेक बोंबील उचलून त्यांच्या हातात देऊ लागला. त्याच्याही गळ्यात माळ होती. पुढं मी समुद्र पुष्कळदा पाहिला, पण समुद्रासाठी दोन माळकऱ्यांनी मासळीला हात लावलेला पुन्हा कुठं पाहिला नाही.