चेतनाभाभींनी थांबवलेली स्पर्धा

नारायणगावच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या चेतनाभाभी पंचेचाळिसाव्या वर्षी रायफल शिकल्या. गेल्या होत्या पुतणीला क्लासला सोडायला. जवळच्या आणे गावचे गोरखभाऊ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि द्राक्षांच्या एका जुन्या पॅकिंग शेडमध्ये एअर रायफल शिकवत होते. पुतणी दोन महिन्यांत कंटाळली. भाभी मात्र जातच राहिल्या.

सासरे हस्तीमलजींना हे पटेना. "दिव्यावर किडा पडून मरेल म्हणून आपण जैन सूर्य मावळल्यावर जेवत नाही," ते म्हणाले. "आणि घरची सून बंदूक धरणार?"

"बापूजी, समोर कागद असतो. एकदा येऊन तर बघा."

ते आले नाहीत.

पहिला महिनाभर गोरखभाऊंनी भाभींच्या हातात छर्राच दिला नाही. रायफल उचलायची, बोल्ट उघडायचा, नळी रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि खाली ठेवायची. एवढंच, रोज शंभरदा. "रिकामी हाये म्हणून सांगितलेल्या रायफलीनंच लई घात केलेत, भाभी," ते म्हणायचे. "नळीचं तोंड कागदाकडंच पायजे. अन् नेम धरेस्तवर बोट घोड्याला लावायचं न्हाई." ही सवय इतकी भिनली, की दुकानात गिऱ्हाइकाला कुकर दाखवतानाही भाभींचं बोट ताठ राहायचं.

गेल्या डिसेंबरात अवसरी खुर्दला एका सभागृहात स्पर्धा भरली. त्या दिवशी सासूबाई प्यारीबाईंनी हस्तीमलजींना अक्षरशः ओढत आणलं. नेमबाजांच्या मागे, दोरीपलीकडे, पहिल्याच रांगेत ते बसले.

भाभींचा नेम त्या दिवशी असा लागत होता, की गोरखभाऊ दुर्बिणीतून डोळा काढेनात. नऊ, दहा, दहा, पुन्हा दहा. चाळीसपैकी एकतीस छर्रे झाले होते. मागे कुजबूज सुरू झाली. भाभींनी बत्तिसावा छर्रा भरला, गाल टेकवला, श्वास सोडला.

शेजारच्या जागेवर अक्षदा नावाची कॉलेजातली मुलगी होती. तिने घोडा दाबला, पण रायफल उडाली नाही. पुन्हा दाबला, काहीच नाही. पंचांना दाखवायला ती रायफल हातात घेऊनच मागे वळू लागली.

डोळ्याच्या कोपऱ्यातून भाभींना ती नळी वळताना दिसली. ती पहिल्या रांगेकडे चालली होती.

"थांब. नळी समोर कर," भाभींचा आवाज सभागृहभर घुमला. "सगळे थांबा."

अक्षदा जागच्या जागी गोठली आणि तिने नळी परत समोर नेली. पंचांनी लगेच सर्वांना थांबण्याचा हुकूम दिला. भाभींनी आपली रायफल कागदाकडे तोंड करून टेबलावर ठेवली, बोल्ट उघडला आणि हात वर केला. "माझ्या रायफलीत छर्रा आहे."

पंच आधी अक्षदाकडे गेले.

"माझी रिकामीच आहे, सर. उडतच नाही," ती म्हणाली.

पंचांनी रायफल घेतली, नळी जमिनीवरच्या वाळूच्या पेटीत रोखली, अर्धवट बसलेला बोल्ट नीट बसवला आणि घोडा दाबला. फट् असा आवाज झाला आणि वाळू उडाली.

प्यारीबाईंनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

भाभींचा छर्राही त्याच पेटीत सोडायला लावला आणि पंचांनी सगळ्यांना वेळ वाढवून दिला. पण लय मोडली होती. नळीचं टोक काळ्या ठिपक्यावर ठरेना. पहिला छर्रा सातात गेला, दुसरा आठात. भाभींनी रायफल खाली ठेवली, डोळे मिटून शंभर आकडे मोजले आणि पुन्हा उचलली. दहा. दहा. नऊ. शेवटचा छर्रा सुटला तेव्हा घड्याळात अकरा सेकंद उरले होते.

एका गुणाने पहिला नंबर हुकला. दुसरा आला. अक्षदाला बाद केलं होतं. ती रडत भाभींजवळ आली. भाभींनी तिला जवळ घेतलं. "रविवारी नारायणगावला ये," त्या म्हणाल्या. "महिनाभर छर्रा मिळणार नाही, आधीच सांगते."

परतीच्या जीपमध्ये भाभींचं बोलणं सुटलं. मंचर मागे पडलं तरी त्या बोलतच होत्या.

"बापूजी, घाबरलात का हो तुम्ही?"

"मला तेव्हा काही कळलंच नाही," हस्तीमलजी म्हणाले. मग शेजारी बसलेल्या गोरखभाऊंकडे वळून त्यांनी विचारलं, "सुभेदारसाहेब, राज्याची स्पर्धा कधी असते?"