शेवटची खुर्ची

शिरपुरात कोणताही कार्यक्रम असला की सूत्रसंचालन माझं आणि साउंड गावातल्या त्या एकट्या राहणाऱ्या साउंडवाल्याचा. इतक्या वर्षांत आमचं बोलणं ‘हॅलो, हॅलो’च्या पलीकडे फारसं गेलेलं नाही. साउंड तपासायला तो एकच जुनं इंग्रजी रॉक गाणं लावतो. शब्द त्याला कळत नाहीत, पण त्यातल्या ड्रमवर स्पीकरची लायकी कळते म्हणतो. गाणं लावून तो रिकाम्या मांडवातून चालत जातो, शेवटच्या खुर्चीत बसतो आणि नीट ऐकू आलं की हात वर करतो. तो हात बघायला ॲम्प्लिफायरजवळ कोणीच नसतं. मग उठून स्वतःच परत येतो. एकटं राहून माणूस असा होतो, असं मी घरी हसत सांगायचो.

ते गाणं ज्या बँडचं, तो यंदा मुंबईत आला. सगळे म्हातारे झालेत म्हणे. हा एकटाच बसने गेला आणि तिकीट काढलं ते स्टेडियमच्या अगदी मागच्या रांगेचं. पहिला ड्रम ऐकू आला तसा हात वर केला, असं परत आल्यावर त्यानंच सांगितलं.

“तिथून स्टेजवरच्यांना काय दिसणार?” मी विचारलं.

“नही दिसना व्हई,” तो वायर गुंडाळत म्हणाला. “पन मांगे बी माणूस शे, हाई त्यास्ले कळाले पाहिजे ना, सर.”

परवा शाळेच्या स्नेहसंमेलनाआधी मी मुद्दाम ॲम्प्लिफायरजवळ जाऊन उभा राहिलो. गाणं लागलं. शेवटच्या खुर्चीतून त्यानं हात वर केला. मीही केला.

त्यानं बराच वेळ हात खाली घेतला नाही.