राखेने घासलेली साखळी

लढाईनंतर लिलावात घेतलेल्या फटफटीवरून आमचे हे गावोगाव देवीची लस टोचायला जात. परत आली की ती चिखलाने माखलेली असे. धुण्याचे काम माझे. एकदा मी शेतावर असताना सासूबाईंनी तिची साखळी भांड्यांसारखी राखेने घासली. ती करकरून अडकू लागली. दुसऱ्या दिवशी कशेळ्याचा बाजार होता आणि वाड्यांवरची माणसे तेव्हाच भेटत. मी साखळी काढली, दिव्यासाठी ठेवलेल्या रेशनच्या रॉकेलात धुतली, पुसली आणि तेल दिले.

"चकचकीत केली व्हती मी, परत काळी केलीस गं!" सासूबाई म्हणाल्या.

"काळीच चालते, आई."

त्या संध्याकाळी आम्ही उजेड असतानाच जेवलो. सकाळी हे वेळेवर बाजाराला गेले.