रुमालाखालचं दुखणं

सौद्यात मला हरवणारा माणूस अख्ख्या निपाणीत जन्मलेला नाही. शहापुरात मात्र एक बाई जन्मली आणि ती नेमकी माझ्या बायकोची आत्या निघाली. रिकाम्या हातानं येऊन मी तंबाखूची वखार उभी केली, पण या विणकर घरच्या आत्याबाई दारात आल्या की आधी माझ्या धोतराचा सोगा चिमटीत धरून सूत पारखायच्या, नाक मुरडायच्या आणि मग खुशाली विचारायच्या. एकदा मामलेदाराचा सोगाही त्यांनी असाच धरला. तो बिचारा घाबरून धोतराची किंमत सांगून मोकळा झाला.

एका हिवाळ्यात बायको चार दिवस वाकडी चालत होती, पाटावर टेकेना. काय होतंय विचारलं की भिंतीकडं तोंड. शेजारीण सुई तापवून टोचायला निघाली, तेवढ्यात आत्याबाई आल्या, आत जाऊन तिला बघून आल्या आणि थेट माझं नवंकोरं तांब्याचं घंगाळ उचलू लागल्या. मी भडकलो. तशी त्यांनी माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला, आमच्या बाजारात भाव गुपचूप बोटांनी ठरवताना दलाल टाकतात तसा हातावर टाकला आणि खालून माझी चार बोटं दाबली.

मला वाटलं, घंगाळाचा भाव करतायत. एवढ्यात पितळी तांब्यासुद्धा येत नाही, असं मी ठणकावलं.

"भाव न्हवं, जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या. "दिसातनं चारदा ऊन पाण्यात बसवायची तिला. अवघड जागी गाठ आलीया. उघड बोलाया येत न्हाय, म्हणून रुमालाखाली."

मी सवयीनं दोन बोटं दाबली. त्यांनी पुन्हा चार.

"दाबायची न्हाय, टोचायची न्हाय. तिची महिन्याची धडपी कोपऱ्यात नगं, उन्हात वाळू द्या. आन् ताप आला तर बेळगावच्या डॉक्टरीणबाईकडं न्यायची. तितं तरी घासाघीस करू नगा."

पाणी मीच तापवत राहिलो. नवव्या दिवशी गाठ जिरली, बायको पाटावर बसून जेवली. आत्याबाई जाताना घंगाळ घेऊन गेल्या. त्यांच्या गल्लीत आणखी एकीला हवं होतं म्हणे. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या वारल्यावर बायकोनं सांगितलं. तरुणपणी आत्याबाईंना हीच गाठ झाली होती. सासूनं सुईनं फोडली, ती चिघळली, आणि पुढं विणायला मागाच्या खड्ड्यात त्यांना कधी धड बसता आलं नाही. नवऱ्याला कारण कुणी सांगितलंच नाही. माणूस वाईट नव्हता. पण मरेपर्यंत तो त्यांना आळशी म्हणत राहिला.