वाटीला एक गोळी

दोन्ही हात छातीशी धरायचे, एकदम वर न्यायचे आणि म्हणायचं, "हे वाढलं की ते वाढलं. समप्रमाण! संपला विषय." ही आमच्या सरांची लकब. नव्वदच्या दशकात कळंबच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे. मीही तिथे गणितावरच होतो आणि त्यांच्या शेजारीच राहायचो, त्यामुळे हा प्रयोग मला दोन्हीकडे बघावा लागे.

एकच नियम शिकून त्यावर जन्म काढणारा माणूस तुम्हालाही भेटला असेल. एका चुकीला एक छडी, नऊ चुकांना नऊ, सूट नाही. स्वतःच्या चुका मात्र गृहस्थांनी कधी मोजल्या नाहीत.

एकदा त्यांच्या कांद्यात तण माजलं. तणनाशकाच्या बाटलीवर लिहिलं होतं, फवारणीच्या पंपाला एक टोपण. यांनी दोन घातली. तण मेलं, कांदाही मेला. तर बांधावर उभं राहून म्हणतात कसे, "बघा, दुप्पट मेलं का नाय?" आम्ही पोट धरधरून हसलो. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, हसल्या नाहीत. उन्हात वाकून लागण त्यांनी केली होती.

पुढे त्यांना शुगर निघाली. डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं, रोज एकच गोळी आणि गोड बंद. गोळ्या जास्त झाल्या तर साखर इतकी उतरेल, की माणूस उठायचा नाही. सरांनी मान हलवली. ऐकलं किती, देव जाणे.

त्या उन्हाळ्यात निमगाव सावाला, सरांच्या लेकीच्या सासरी, आमरसाचं जेवण होतं. मलाही बोलावणं होतं. व्याह्याच्या पंगतीत वाटीवर हात आडवा धरायचा म्हणजे अपमानच. "घ्या पावणं, लई गोड हाये!" करता करता सरांच्या पाच वाट्या झाल्या. मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं, मला डोळा मिचकावला आणि वाटीला एक अशा पाच गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या. "समप्रमाण, राव!"

मी हसलो. वर म्हणालो, "सर, तुमच्यापुढं डॉक्टर काय!"

जेवून ते पडवीत आडवे झाले. चार वाजता लेक चहाला उठवायला गेली, तर अंग घामानं थबथबलेलं आणि हाकेला ओ नाही. जीपमध्ये घालून दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर वहिनी आमच्या दारात आल्या. "भाऊजी, त्यांचं जाऊ द्या, त्यांनी कधी कुणाचं ऐकलं न्हाई. पण तुमी बी गणिताचंच ना? शेजारी बसला व्हता. मग का नाय बोलला?"

समप्रमाण कुठवर चालतं, हे मला त्या पंगतीत बसल्या बसल्या कळत होतं. मजा येत होती, म्हणून बोललो नाही. हे वहिनींना सांगायची हिंमत मला आजवर झालेली नाही.